स्वयंपाकघराकडून उत्तर नाही

आप्पांनी आयुष्यात दोन गोष्टी मनापासून उभ्या केल्या. एक प्रोग्रॅम, आणि त्या प्रोग्रॅमला हात लावू पाहणाऱ्यांसाठी एक नियमावली. पैकी प्रोग्रॅम आटोपशीर होता.

त्याचं नाव 'देवघेव'. वाचनालयातून कोणी कुठलं पुस्तक नेलं, कधी आणायचं, कोण आणायचं नावच काढत नाही, एवढा हिशेब तो ठेवायचा. आप्पा स्वतः ग्रंथपाल. निवृत्तीच्या सुमारास त्यांना कोड लिहायचा नाद लागला आणि निवृत्तीनंतर त्यांनी त्या नादाला ऑफिसची वेळ लावून टाकली. सकाळी दाढी, इस्त्रीचा शर्ट, की दिवाणखान्याच्या कोपऱ्यातल्या टेबलावर हजर. टेबल घरचंच, तरी दांडी मारायची असली तर बायकोला आदल्या दिवशी सांगत.

'देवघेव' फुकट होता आणि उघडा होता. उघडा म्हणजे त्याचा कोड कोणीही वाचावा, चुकत असेल तिथे दुरुस्त करावा आणि ती दुरुस्ती आप्पांकडे पाठवावी. आप्पा तपासणार, पटली तर प्रोग्रॅममध्ये घेणार. बरीच छोटी वाचनालयं तो वापरत होती. दुरुस्ती पाठवणारे मात्र टिकत नसत. येत ते उड्या मारत, जात ते न सांगता.

"हल्ली लोकांना चिकाटी नाही," आप्पा म्हणत.

"चिकाटी असते हो," त्यांची बायको म्हणे. "पण माणसाला मधे जेवायला उठावं लागतं. उठला की तुमची नियमावली परत पहिल्यापासून."

बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिल्यामुळे कुठली तार कुठे तुटली हे तिला लवकर कळे. नियमावली तिनं कधी वाचली नव्हती. संसार केला तेवढा पुरे, असं तिचं म्हणणं.

त्या नियमावलीत काय नव्हतं ते सांगणं सोपं. एका वेळी एकच बदल पाठवावा. काय बदललं ते कोडमध्ये दिसतंच, का बदललं ते लिहावं. उद्गारचिन्हं वापरू नयेत. आभार एकदाच मानावेत. शंका प्रोग्रॅमच्या जाहीर पानावर विचाराव्यात, म्हणजे उत्तर सगळ्यांच्या कामी येतं. खाजगीत विचारू नये, विचारल्यास उत्तर मिळणार नाही. एका घरातल्या माणसाचं काम त्याच घरातल्या दुसऱ्यानं पसंत करू नये. हा नियम दोन सख्ख्या भावांमुळे आला होता. ते एकमेकांची कामं न बघता पसंत करत, आणि त्या भ्रातृप्रेमात एका सकाळी सगळ्या वाचनालयांतली सगळी पुस्तकं एकाच वाचकाच्या नावावर चढली. तो वाचक अजून आप्पांना विसरलेला नाही.

नियमावलीच्या पार तळाशी असंही लिहिलं होतं की, इथपर्यंत वाचत आलेल्यानं आपल्या पहिल्या पत्रात 'निळी फीत' हे दोन शब्द घालावेत. ज्याच्या पत्रात निळी फीत नाही, तो वाचल्याच्या थापा मारतोय हे आप्पांना जागच्या जागी समजे.

सगळ्यांत कडक भाग चाचण्यांचा. चाचणी म्हणजे प्रोग्रॅमनं स्वतःचीच घेतलेली परीक्षा. पुस्तक दिलं, नोंद झाली का? परत आलं, नोंद उतरली का? पास झाली की ओळ हिरवी, नापास झाली की लाल. काम पाठवण्याआधी आपल्या संगणकावर सगळ्या ओळी हिरव्या दिसल्या पाहिजेत. आणि त्याखाली, ठळक अक्षरांत, रेघ मारून: 'माझ्या संगणकावर तर चालतं' ही सबब ऐकून घेतली जाणार नाही.

आप्पांना खडूस म्हणून मोकळं व्हावंसं वाटेल, पण माणसाचा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा. ते प्रत्येक पत्राला उत्तर देत. शाळकरी पोरालाही 'आपण' म्हणत. कोणाच्या चुकीला हसत नसत. आणि मग अत्यंत नम्रपणे काम परत पाठवत.

एके दिवशी वाचनालय संघाच्या सचिवबाईंचा फोन आला. आप्पांना फोन कानाला लावायला आवडत नसे, तो ते टेबलावर मोठा करून ठेवत. त्यामुळे घरात गुपित म्हणून काही राहत नसे.

"आप्पासाहेब, प्रोग्रॅमबद्दल आमची तक्रार नाही," बाई म्हणाल्या. "तक्रार तुमच्या वयाबद्दल आहे."

"ती दुरुस्ती माझ्या हातात नाही."

"तेच म्हणतेय. उद्या तुम्ही अंथरुणाला खिळलात तर हे सांभाळणार कोण? पुढच्या महिन्यात संघाची बैठक आहे. काहीजण म्हणताहेत विकतचा प्रोग्रॅम घेऊ, निदान फोन उचलायला माणूस तरी असतो."

"मी उचलला की आत्ता."

"मी तुमच्या बाजूनं भांडेन. पण मला काहीतरी हातात द्या. बैठकीपर्यंत तुमच्याशिवाय आणखी एका माणसाचं काम 'देवघेव'मध्ये गेलेलं दाखवा. एकाचंच. मी बघितलं, कितीतरी दिवसांत कुणाचं गेलेलंच नाही."

"पाणकावळा आहे ना."

"तो लिहीत नाही हो, तुमचीच कामं नुसती पसंत करतो. आणि तोही हल्ली दिसत नाही."

जाहीर पानावर सगळे टोपणनावानं वावरत. आप्पा तिथे 'ग्रंथपाल' होते. 'पाणकावळा' हा त्यांचा जोडीदार. आप्पांखेरीज कामं पसंत करायचा अधिकार आता त्या एकट्याला होता. तो कुठे राहतो, काय करतो, कोणाला माहीत नव्हतं. महिनोन् महिने बुडी मारायचा, भलत्याच ठिकाणी वर यायचा, 'पसंत' एवढं लिहायचा आणि परत गडप.

फोन ठेवल्यावर आप्पा बराच वेळ उभेच राहिले. बायकोनं ते दारातून बघितलं. विकतचा प्रोग्रॅम आला, तर त्या टेबलाला आणि त्या इस्त्रीच्या शर्टाला काही अर्थ उरणार नव्हता. आणि हा माणूस दिवसभर काय करेल, तेही तिला लख्ख दिसत होतं. स्वयंपाकघरात येईल आणि तिचे डबे वर्णानुक्रमे लावील.

जेवताना सूनच म्हणाली, "आप्पा, मी पाठवू का काहीतरी?"

सून एका कंपनीत मोबाइलची ॲप तपासायची. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा तिला पगार मिळे. ती लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंना ह्याची धास्तीच वाटली होती, पण ती चुका फक्त पगारी शोधते हे लक्षात आल्यावर दोघींचं जमलं.

आप्पांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू कोणी टेबलाखालून पाकीट सरकवतंय. "घरातल्या माणसानं..."

"घरातल्यानं पसंत करायचं नाही, असा नियम आहे. पाठवायचं नाही, असं कुठे म्हटलंय?"

"तू वाचलीस नियमावली?"

"वाचतेय. अर्ध्यात आहे."

"पूर्ण वाच, मग बोलू. बोलू म्हणजे पानावर."

मुलगा खाली मान घालून जेवत होता. तो दातांच्या कवळ्या बनवायचा. कवळी टोचली तर घासायची, ढिली झाली तर बसवायची, ह्यापलीकडे त्याच्या धंद्याला नियमावली नव्हती, त्यामुळे वडिलांच्या कामात तो पडत नसे.

दोन दिवसांनी जाहीर पानावर 'चिमटा' नावाच्या कोणीतरी पत्र टाकलं. वाचनालयाला सुटी असताना पुस्तक परतीची तारीख आली, तर वाचकाला उगाच उशिराचा ठपका बसतो. ते मी दुरुस्त करू इच्छिते. पत्रात निळी फीत होती, उद्गारचिन्ह नव्हतं. आप्पांनी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि उत्तर दिलं: 'स्वागत आहे. अवश्य करावे.' 'चिमटा' त्यांच्यामागेच सोफ्यावर मांडी घालून बसली होती.

दुरुस्ती लहान होती, सुनेनं ती दुपारच्या आत केली. मग नियमाप्रमाणे सगळ्या चाचण्या चालवल्या. ओळीमागून ओळ हिरवी होत गेली, आणि शेवटची लाल.

"आप्पा, एक लाल येतेय."

आप्पांनी मान वळवली नाही. "पानावर."

"अहो, मी इथे बसलेय."

"सूनबाई, तुला सांगितलं तर तुझ्यापुरतं राहील. तिथे सांगितलं तर सगळ्यांना कळेल."

सुनेनं निमूट टाइप केलं: 'एक सोडून सगळ्या चाचण्या हिरव्या. लाल चाचणीचा निरोप असा: स्वयंपाकघराकडून उत्तर नाही. मार्गदर्शन व्हावे.'

आप्पांच्या बोटांचा आवाज आला. मग तिच्या मांडीवरच्या लॅपटॉपवर अक्षरं उमटली: 'ही चाचणी मूळ प्रोग्रॅममधली असून ती हिरवीच असते. दोष आपल्या बाजूला असावा. जोडणी तपासून पाहावी.'

"काय म्हणतंय गं ते?" आतून सासूबाईंनी विचारलं.

"स्वयंपाकघराकडून उत्तर नाही म्हणतंय, आई."

"नाही काय? चांगलं दिलं की. दूध उतू जातंय, थांबा, म्हटलं मी."

'स्वयंपाकघर' हा शब्द सुनेला कोडमध्ये भेटला होता, पण त्याचं तिला नवल वाटलं नव्हतं. आप्पांनी कोडच्या एकेका भागाला घरातल्या जागांची नावं दिली होती. वाचक जिथून आत शिरतो तो 'उंबरठा'. पडद्यावर जे दिसतं तो 'दिवाणखाना'. जुन्या नोंदी 'माळ्या'वर. तेव्हा कुठेतरी काहीतरी शिजत असेल त्याला म्हाताऱ्यानं 'स्वयंपाकघर' म्हटलं असेल, असं समजून ती पुढे गेली होती.

पुढचे काही दिवस घरात विचित्र शांतता होती. एकाच खोलीत दोन माणसं पाठीला पाठ लावून एकमेकांना 'आपण' लिहीत होती. सुनेनं जोडणी तपासली, लाल. नवऱ्याच्या लॅपटॉपवर चालवून बघितलं, लाल. ऑफिसातल्या संगणकावर, लाल. दरवेळी ती तसं कळवी, दरवेळी ग्रंथपाल नम्रपणे दोष तिच्या बाजूला सरकवत.

सासूबाई चहा घेऊन आल्या आणि मधोमध उभ्या राहिल्या. "हाक मारली तर ह्यांना ऐकू येत नाही, आणि टाइप केलं की तत्काळ उत्तर. हा चहा घेणार का, तेही पानावर विचारू?"

"ठेव इथे," आप्पा म्हणाले.

"बघा. ऐकू येतंय."

मग सुनेनं तिच्या नोकरीत जे करतात ते केलं. पान मागे मागे सरकवत ती जुन्या पत्रांपर्यंत गेली. कोणी 'हातोडा', कोणी 'गोगलगाय', कोणी 'दुसरा चष्मा'. प्रत्येकानं उत्साहानं पहिलं पत्र टाकलेलं, प्रत्येकाची हीच एक चाचणी लाल, प्रत्येकाला हेच एक उत्तर, आणि त्यानंतर त्या माणसाचं नाव कुठेच नाही. ती उठून आप्पांच्या टेबलापाशी गेली. पानाबिनाचा नियम तिनं धाब्यावर बसवला.

"आप्पा, ही चाचणी सगळ्यांचीच लाल येते. आजवर आलेल्या एकूण एक माणसाची."

"म्हणजे सगळ्यांचीच जोडणी चुकते. मी दुसरं काय म्हणतोय?"

"सगळ्यांची चुकते आणि एकट्या तुमची बरोबर?"

"होतं असं."

"आप्पा, बैठक पुढच्या आठवड्यात आहे."

आप्पांचा चेहरा उतरला. ते विसरलेले नव्हते, उलट रोज सकाळी शर्टाची बटणं लावताना त्यांना तेच आठवे. पण चाचणी लाल असताना सुनेचं काम आत घ्यायचं, तर मग आजवर ज्यांना परत पाठवलं त्यांनी काय घोडं मारलं होतं?

"मी लबाडी करणार नाही," ते म्हणाले. "आणि चाचणीत काही खोट नाही. बघ, तुझ्यासमोर चालवतो. माझ्या सं..."

त्यांनी जीभ चावली.

"काय म्हणालात?"

"कुठे काय."

"तुम्ही म्हणणार होतात."

"मी काही म्हणणार नव्हतो. जा, पाणी आण मला."

सून रागारागात स्वयंपाकघरात गेली. सासूबाई ओट्याशी भाजी निवडत होत्या. सुनेनं पेला धरला, नळ सोडला, आणि त्याच वेळी फ्रिजच्या डोक्यावरचं यंत्र घुरघुरलं.

ह्या यंत्राची ओळख करून द्यायला हवी. वाचनालयातून पुस्तक परत केलं की पूर्वी एक चिठ्ठी मिळायची: 'पुस्तक मिळाले. आभारी आहोत.' ती छापणारं हे यंत्र. वाचनालयानं ते मोडीत काढलं तेव्हा आप्पांनी निवृत्तीची भेट म्हणून मागून आणलं. आवाज फार करतं म्हणून त्याची रवानगी स्वयंपाकघरात झाली. तिथे ते मनाला येईल तेव्हा घुरघुरे आणि एक चिठ्ठी बाहेर टाकी. आप्पांच्या मते ते बिघडलेलं होतं आणि बिचारं जुन्या दिवसांच्या आठवणी काढत होतं. सासूबाईंचं मत होतं की बिघडलं असलं तर कोणीही दुरुस्त करू नये. ह्या घरातल्या बाजाराच्या याद्या, दूधवाल्याला निरोप, डब्यांवरची नावं, सगळं त्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर चाले. रोल संपला की त्याच नवा घालत. सुनेलाही आल्यापासून त्या घुरघुरीची सवय झाली होती. नळाला पाणी यावं तशी चिठ्ठी यायची.

पेला भरून वाहायला लागला तरी सून वर बघत होती.

"सगळं हिरवं!" बाहेरून आप्पांचा आवाज आला. आनंदात त्यांना उद्गारचिन्हाचं भान राहिलं नव्हतं. "आलीस का बघायला?"

"आप्पा, परत चालवा."

"परत कशाला? हिरवं आहे."

"चालवा ना!"

क्षणभर शांतता. मग घुर्र. चिठ्ठी. आणि बाहेरून, "हिरवं!"

सुनेनं पेला खाली ठेवला, टाचा उंचावल्या आणि यंत्राचं बटण बंद केलं.

"अगं अगं," सासूबाई म्हणाल्या, "मला साबणाचं लिहायचंय."

"एक मिनिट, आई. आप्पा! आणखी एकदा!"

ह्या वेळी शांतता लांबली. मग दिवाणखान्यातून असा आवाज आला, जसा माणूस घरात विंचू बघितल्यावर काढतो.

"लाल! सूनबाई, लाल आली! तू काय केलंस?"

आप्पा चप्पल न घालता धावत आले. सुनेनं बोट दाखवलं. यंत्राच्या मागून एक वायर निघाली होती, ती भिंतीला चिकटून दारावर चढली होती, चौकटीच्या वरच्या भोकातून दिवाणखान्यात उतरली होती आणि सोफ्यामागून आप्पांच्या टेबलाकडे गेली होती. भोक आप्पांनीच पाडलं होतं. त्या दिवशी सिमेंट डाळीत पडलं म्हणून झालेलं भांडण सासूबाईंना अजून शब्दशः पाठ होतं.

"चिठ्ठी छापली जाते का ते बघायची चाचणी," आप्पा हळूहळू म्हणाले, जणू दुसऱ्याच कोणाचं अक्षर वाचताहेत. "यंत्राला निरोप पाठवायचा. ते छापतं. उलट कळवतं, छापलं म्हणून. यंत्राला नाव दिलं होतं मी..."

"स्वयंपाकघर," सून म्हणाली.

"इथे ठेवलं होतं म्हणून."

"म्हणजे जगात ज्याच्याकडे हे यंत्र नाही..."

"त्याच्या स्वयंपाकघराकडून उत्तर नाही."

"तरीच!" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "तुम्ही कधीकधी म्हणता, आज ह्या प्रोग्रॅमची तब्येत बरी नाही, संध्याकाळपर्यंत होईल ठीक. तो रोल संपलेला असायचा!"

आप्पा तिथल्या स्टुलावर बसले. भरून ठेवलेलं पाणी त्यांनी घेतलं नाही.

संध्याकाळी मुलगा आला तेव्हा घरात सल्लामसलत चालू होती. म्हणजे सून बोलत होती आणि आप्पा वायरकडे बघत होते.

"आप्पा, ऐका. चाचणीपुरतं मी एक लुटुपुटुचं यंत्र लिहिते कोडमध्येच. ते म्हणेल छापलं, चाचणी मानेल छापलं. दोन तासांचं काम. गुपचूप करू. सचिवबाई ते पान रोज वाचतात. त्यांना कळलं की अख्खं 'देवघेव' तुमच्या फ्रिजच्या डोक्यावर बसलंय, तर संपलंच. एका माणसाच्या भरवशावर नको म्हणतात, आणि हे तर एका माणसाच्या फ्रिजच्या!"

"बरोबर आहे," मुलगा म्हणाला. "कवळी चुकली तर आम्ही काय वेटिंग रूममध्ये जाऊन सांगतो?"

आप्पा उठून टेबलाशी गेले. जुनी पत्रं उघडून ते एकेक वाचत बसले. हातोडा. गोगलगाय. दुसरा चष्मा. प्रत्येकाखाली त्यांचं स्वतःचं सभ्य, शुद्ध, नीटस उत्तर होतं. दोष आपल्या बाजूला असावा.

सकाळी त्यांनी दाढी केली, शर्ट घातला आणि सुनेला हाक मारली. "जाहीर पानावर लिही. काय झालं ते आणि का झालं ते."

"पण बैठक, आप्पा..."

"खाजगीत विचारू नये," आप्पा म्हणाले आणि पाठ फिरवून बसले.

तिनं सांभाळून लिहिलं: 'सदर चाचणी विशिष्ट परिस्थितीतच हिरवी होते असे आढळले.' ग्रंथपालांचं उत्तर आलं: 'मोघम आहे. कोणाच्या घरी, कुठल्या खोलीत, कशावर, ते स्पष्ट लिहावे.' तिनं लिहिलं. त्याखाली आप्पांनी आपल्या हातानं जोडलं: 'दोष आपल्यापैकी कोणाच्याही बाजूला नव्हता. माझ्या संगणकावर चालत होतं, एवढंच.' मग गेलेल्या प्रत्येक माणसाला त्यांनी वेगळं पत्र पाठवलं. आभार एकदाच मानायचा नियम होता. माफीबद्दल नियमावलीत काहीच नव्हतं, त्यामुळे ती त्यांनी हवी तितकी मागितली.

उत्तरं यायला लागली. हातोड्यानं कळवलं की त्या चाचणीपायी त्यानं नवा संगणक घेतला होता, तो अजून चांगला चालतो, राग नाही. गोगलगाय म्हणाली, मी तेव्हाच हे क्षेत्र सोडलं, आता मधमाश्या पाळते, आपले उपकार आहेत. दुसऱ्या चष्म्यानं त्या यंत्राचा फोटो मागवला. तसलंच एक त्यानं भंगारात बघितलं होतं आणि आता त्याला घ्यायचंच होतं. पण खाली त्यानं असंही लिहिलं की, चाचणी नीट झाली तर माझी जुनी दुरुस्ती अजून पडून आहे, पाठवू का?

सुनेनं दोन कामं पाठवली, वेगवेगळी, कारण एका वेळी एकच बदल. आधी लुटुपुटुचं यंत्र, मग सुटीचा ठपका. आता पसंत करणारा हवा होता. आप्पांना हात लावता येत नव्हता. ते पान उघडून नुसते बघत बसले, जसं तिकिटाच्या खिडकीसमोर बसतात.

बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी पाणकावळा वर आला. आणि पहिल्यांदाच त्यानं एका शब्दापेक्षा जास्त लिहिलं.

'ग्रंथपाल, मलाही आपली माफी मागायची आहे. मी चाचण्या कधीच चालवल्या नाहीत. पहिल्या दिवशी एक लाल दिसली. विचारलं तर आपण जोडणी तपासायला सांगाल हे माहीत होतं. लाज वाटली. तेव्हापासून मी नुसतं पसंत लिहितो आणि पळतो. आज चिमटा यांची दोन्ही कामं ओळ न् ओळ वाचली, चाचण्या चालवल्या. सगळ्या हिरव्या. मी हे दृश्य पूर्वी बघितलं नव्हतं. पसंत.'

आप्पांनी ते वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे इतकी वर्षं ह्यानं काहीच बघितलं नव्हतं?"

"दोन भावांना नावं ठेवत होतात," बायको म्हणाली.

बैठक झाल्यावर सचिवबाईंचा फोन आला. आप्पांनी तो टेबलावर मोठा करून ठेवला. घरातले सगळे आपापल्या जागी स्तब्ध झाले.

"आप्पासाहेब, ते फ्रिजचं मी वाचलं."

"हो."

"बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवलं."

आप्पांनी डोळे मिटले.

"फार हसले हो सगळे. मग तो विकतच्या प्रोग्रॅमवाला म्हणाला, बघा, मी सांगत नव्हतो? मी म्हटलं, विकतच्याचं यंत्र कुणाच्या फ्रिजवर बसलंय हे तुम्हाला कोणी सांगणार आहे का? बरं, हा चिमटा कोण?"

"माझी सून."

"अहो! म्हणजे दुसरा माणूसही तुमच्याच घरातला?"

"पसंत पाणकावळ्यानं केलं. तो घरातला नाही."

"कुठला आहे?"

"ते नाही माहीत. पण लाजाळू आहे."

"पानावर आणखी दोघांची कामं आलेली दिसताहेत. म्हणजे आता फोन उचलायला माणसं आहेत. ठीक आहे. 'देवघेव' राहील. पण आप्पासाहेब, ती नियमावली जरा..."

"त्यात दुरुस्ती सुचवायची पद्धत नियमावलीतच आहे," आप्पा म्हणाले. "एका वेळी एक बदल."

त्या दिवशी आप्पांनी दोनदा चहा मागितला, दोन्ही वेळा तोंडानं.

घरात एकच माणूस नाराज होतं. लुटुपुटुचं यंत्र आल्यापासून खरं यंत्र मुकं झालं होतं. चाचण्या चालत, हिरव्या होत, आणि फ्रिजच्या डोक्यावर सामसूम. साबण आणायचा राहिला. दूधवाल्याला निरोप गेला नाही. दोन डब्यांतल्या पिठांची अदलाबदल झाली आणि ते जेवताना कळलं. सासूबाईंनी आप्पांना सांगून बघितलं. आप्पा म्हणाले, बघू. सुनेला सांगितलं. सून म्हणाली, आई, एका वेळी एकच.

काही दिवस सासूबाई दुपारी पडायच्या ऐवजी सुनेचा लॅपटॉप घेऊन बसत. मधेच हसण्याचा आवाज येई, मधेच 'काय मेलं हे' असा. कोणी विचारलं नाही.

मग एका सकाळी आप्पा टेबलावर हजर झाले, तर जाहीर पानावर नवं पत्र होतं. पाठवणारं टोपणनाव 'एक्स्चेंज'.

'पूर्वी: ग्रंथपाल काम करत असताना स्वयंपाकघरात चिठ्ठी येत असे. आता: येत नाही. पुन्हा घडवून पाहण्याची पद्धत: फ्रिजसमोर उभे राहावे, वाट पाहावी. का बदल हवा: घर चालत नाही. मागणी: चिठ्ठीसाठी एक वेगळं बटण द्यावे. निळी फीत. आभार.'

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, घातला. निळी फीत जिथे होती तिथेच होती. नियमावलीच्या पार तळाशी, दोन भावांच्याही पुढे, चाचण्यांच्याही खाली. तिथपर्यंत आजवर फार थोडी माणसं पोचली होती.

ते खुर्चीतून वळले. बायको दारात उभी राहून पदराला हात पुसत होती.

"तू पूर्ण वाचलीस?"

"खाजगीत विचारू नये," ती म्हणाली आणि आत गेली.

आप्पा परत वळले आणि टाइप करायला लागले.